कोंबड्यांचा फीडर घेताना: सांडलेलं खाद्य कोण खातं, ते आधी बघा



पावसाळा तोंडावर आला की परसातल्या कोंबड्यांसाठी फीडर कोणता घ्यावा, हा प्रश्न गटावर हमखास येतो. कुणी दुकानातल्या लाल-पिवळ्या फीडरचा फोटो टाकतं, कुणी पाइपचा जुगाड दाखवतं. आजचा संदेश त्यावरच आहे. जरा लांब आहे, पण दहा ते पन्नास कोंबड्या असतील तर शेवटपर्यंत वाचा. घरात कोंबड्यांचं सगळं ज्या ताई, मावशी, आजी बघतात, त्यांना वाचून दाखवा. खाद्य त्याच टाकतात आणि रोज किती वाया जातं तेही त्यांनाच माहीत असतं.

फीडर विकत घेताना आपण किंमत बघतो, रंग बघतो, किती किलो मावतं ते बघतो. बघायची गोष्ट वेगळीच आहे. त्यातून दिवसाला किती सांडतं आणि ते सांडलेलं कोण खातं?

पहिला भाग पैशाचा आहे. पूर्ण वाढलेली, बांधून पाळलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. समजा २० कोंबड्या आहेत आणि १०० ग्रॅमच धरलं, तर दिवसाला २ किलो, वर्षाला ७३० किलो. त्यातला दहावा हिस्सा जरी मातीत गेला तरी ७३ किलो झालं. खाद्याचा भाव किलोला ३५ रुपये धरा, अडीच हजारांच्या वर रक्कम पायाखाली जाते. तुमच्याकडचा भाव वेगळा असेल, तो घालून गुणा. एवढ्या पैशात चांगले फीडर येतात आणि वर काही उरतं.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सांडलेलं खाद्य कोंबडी सगळं वेचत नाही. त्यावर दिवसा कावळे, साळुंक्या, चिमण्या उतरतात आणि रात्री उंदीर-घुशी येतात. उंदरांमागे साप येतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

कावळ्यांचं सांगायचं कारण जवळचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडायला लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या किवळा गावी कोंबडीची पिल्लं मेली, तिथंही बर्ड फ्लूचाच अहवाल आला आणि भोवतालचा १० किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत हीच वेळ आली होती. म्हणजे हा आजार पेपरात वाचायचा राहिलेला नाही, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत येऊन गेला आहे. रोगी पक्ष्याची विष्ठा आणि चोचीतली लाळ यातून हा विषाणू पसरतो. कावळा आणि कोंबडी एकाच परातीत चोच घालत असतील, तर त्या दोघांच्या मध्ये काहीच राहत नाही. गाव सतर्क क्षेत्रात गेलं की अंडी आणि पक्षी विकायला बंदी येते, आणि बाधित ठिकाणाच्या आसपासचे पक्षी निरोगी दिसत असले तरी नष्ट करावे लागतात.

फीडर बदलला म्हणून बर्ड फ्लू येणारच नाही, असं आम्ही म्हणत नाही. पण रानपाखरांना अंगणात रोज जेवायला बोलावणं बंद करणं आपल्या हातात आहे, आणि ते काम चांगला फीडर करतो.

*आधी कोंबड्या कशा पाळता ते ठरवा*

दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, आखाड्यावर फिरणाऱ्या दहा-बारा गावरान कोंबड्या असतील, तर त्यांचं निम्मं पोट बाहेरच भरतं. किडे, गवताचं बी, खळ्यावरचं सांडलेलं धान्य त्या शोधून खातात. त्यांना संध्याकाळी खुराड्यात येताना ३० ते ५० ग्रॅम वरचं खाद्य दिलं तरी भागतं. मूठभर ज्वारी फेकून "ये ये ये" करून बोलावणं चालू ठेवा, त्यात वाईट काही नाही. त्यामुळं कोंबड्या रात्री खुराड्यात परत येतात आणि मोजताही येतात. फक्त ती फेक पाच मिनिटांत वेचून संपेल एवढीच पाहिजे, आणि अख्ख्या दाण्यांची पाहिजे. भरडा किंवा पिठाळ खाद्य जमिनीवर कधीही टाकू नका. दाणा दिसतो, पीठ मातीत मिसळतं, आणि कोंबडी पिठासोबत माती, विष्ठा आणि जंताची अंडी खाते.

गिरीराज, वनराजा, कावेरी, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींचं गणित वेगळं. या कोंबड्या अंडी किंवा वजन जास्त देतात, म्हणून त्यांना वरचं खाद्यही जास्त लागतं. बांधून पाळल्या तर सगळंच आपण द्यायचं. इथं फीडर लागतोच.

मग बघा फीडरमध्ये काय भरणार. ज्वारी, बाजरी, मक्याची कणी असा दाणा भरत असाल तर तो कोणत्याही भांड्यातून खाली घसरतो. दुकानातलं पिठाळ खाद्य किंवा घरचा भरडा तसा घसरत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तो आत चिकटून बसतो, वरून फीडर भरलेला दिसतो आणि खाली कोंबड्या उपाशी. मोबाइलवर फिरणारा तो उभ्या पाइपचा फीडर, चार इंची पाइप आणि खाली बेंड, तो याच कारणानं आपल्याकडे फसतो. व्हिडिओत दाणा भरलेला असतो, आपण भरडा भरतो. दाण्यासाठी तो बरा आहे. भरड्यासाठी नाही. शिवाय बेंडच्या तोंडातून एका वेळी एकच कोंबडी खाते, बाकीच्या रांगेत उभ्या राहत नाहीत, मारामारी करतात.

घरचा भरडा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. लातूर-नांदेडात सोयाबीन घरोघर असतं, म्हणून काही जण कच्चं सोयाबीन दळून त्यात घालतात. तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिनं पचू देत नाही, कोंबडी खाते पण अंगाला लागत नाही. तेल काढलेली, भाजलेली सोयापेंड वापरा. तुरीची चुणी थोड्या प्रमाणात चालते.

*परात, घमेलं आणि टोपलं*

बहुतेक घरांत आज हेच आहे. खोटं कशाला बोलायचं, फुकट आहे म्हणून आहे. पण पसरट भांड्यात कोंबडी पाय देऊन उभी राहते, उकरते, आणि त्यातच घाण करते. उकरणं ही तिची जातच आहे, तिला दोष देऊन उपयोग नाही. भांडं असं पाहिजे की पाय आत जाणार नाही, डोकं तेवढं जाईल.

लाकडाची किंवा पाइपची पन्हळ हा त्याहून चांगला आणि स्वस्त उपाय. शेतात पडलेला चार इंची पीव्हीसी पाइप घ्या, एक मीटरचा तुकडा. लोक तो बरोबर मधून उभा चिरून दोन पन्हळी करतात. तसं नका करू, कारण अर्ध्या पाइपाच्या कडा सरळ उभ्या राहतात आणि कोंबडी चोचीनं बाजूला झटका मारते तेव्हा खाद्य थेट बाहेर उडतं. वरचा तिसरा हिस्साच कापून काढा. मग कडा आतल्या बाजूला वळलेल्या राहतात आणि उडालेलं खाद्य त्यांना लागून परत आत पडतं. दोन्ही टोकांना झाकण बसवा. कापलेली कड कानशीनं घासून गुळगुळीत करा, नाहीतर तुरा आणि गलोल कापतात.

आता कोंबड्या पन्हळीवर बसतील. त्यासाठी पन्हळीच्या वर एक तार ताणा आणि तीत ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा ओवा. कोंबडी बसायला गेली की नळी फिरते आणि ती खाली उतरते. दोन दिवसांत बसायचा नाद सोडते.

एका मोठ्या कोंबडीला पन्हळीजवळ १० सेंटीमीटर जागा लागते. म्हणजे एक मीटर पन्हळीच्या एका बाजूला १० आणि दोन्ही बाजूंनी मिळून २० कोंबड्या. पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत अडीच सेंटीमीटर पुरतं, पुढं दीड महिन्यापर्यंत साधारण पाच. जागा कमी पडली की दांडग्या कोंबड्या पोटभर खातात आणि दबलेल्या मागं राहतात. महिनाभरानं कळप बघितला तर एकाच दिवशी आणलेल्या पिल्लांत निम्मी मोठी, निम्मी खुरटलेली दिसतात. आपण म्हणतो पिल्लं खराब दिली. बऱ्याचदा पिल्लं चांगली असतात, भांडं लहान असतं.

*टांगता गोल फीडर*

वीस-पंचवीस कोंबड्यांच्या पुढं आमचं मत स्पष्ट आहे, टांगता गोल फीडर घ्या. आणि मोठा एक घेण्यापेक्षा लहान दोन घ्या, दोन कोपऱ्यांत टांगा. एकावर दांडगा कोंबडा उभा राहिला तरी दुसरा मोकळा राहतो.

दुकानात घेताना हात घालून बघा. खालच्या ताटलीची कड आत वळलेली आहे का? ताटली निदान पाच सेंटीमीटर खोल आहे का? नळकांडं वर-खाली करून खाद्य किती उतरायचं ते कमी-जास्त करता येतं का? ताटलीत आडवे कप्पे आहेत का? कप्पे असले की कोंबडी खाद्य एका बाजूला ओढून बाहेर काढू शकत नाही. वर झाकण आहे का? झाकण नसलेला फीडर स्वस्त पडतो, पण चिमण्या आणि कोंबड्याही वरून आत उतरतात. प्लॅस्टिक दाबून बघा, पातळ असेल तर आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकतं.

एवढं सगळं नीट निवडलं आणि टांगलं चुकीचं, तर पैसे वाया. ताटलीची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आली पाहिजे. कोंबडी उभी असताना बघा, वाकून खाताना नाही. कड खाली असेल तर ती उकरते, फार वर असेल तर लहान कोंबड्यांना पोचत नाही. पिल्लं वाढतात तशी दर आठवड्याला दोरी वर घ्यावी लागते. म्हणून दोरीला पक्की गाठ मारू नका, साखळी आणि आकडा लावा. एकाच खुराड्यात गिरीराजचा भलामोठा कोंबडा आणि गावरान तलंगा दोन्ही असतील, तर दोन फीडर दोन उंचीला.

आता भरायचं किती. कोंबडीपालनाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत याचा हिशेब दिलेला असतो. पन्हळ काठोकाठ भरली तर ३० टक्क्यांच्या आसपास खाद्य वाया जातं, दोन तृतीयांश भरली तर १०, अर्धी भरली तर ३, आणि एक तृतीयांश भरली तर फक्त १ टक्का. तुमच्याकडे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण चढण हीच राहील. टांगत्या फीडरलाही हाच नियम, ताटलीत खाद्याची उंची एक तृतीयांशच दिसली पाहिजे. लग्नाला, वारीला जायचं म्हणून आठवडाभराचं एकदम भरून ठेवायचा मोह होतो. त्यापेक्षा शेजारणीला सांगून जा.

दिवसातून एकदा फीडर रिकामा होऊ द्या. कोंबडी आधी मक्याचा मोठा कण उचलते आणि पिठाळ भाग तळाशी ठेवते. क्षार आणि जीवनसत्त्वं त्याच पिठात असतात. सारखं वर भरत राहिलं तर तळाचं तसंच राहून कुबट होतं.

*घरी करायचा असेल तर*

झाकणाची २० लिटरची डिस्टेंपरची रिकामी बादली चालते. आत काही चिकटलेलं राहणार नाही अशी धुऊन, उन्हात वाळवून घ्या. तणनाशकाचा, कीटकनाशकाचा, बीजप्रक्रियेचा डबा किंवा कॅन कितीही धुतला तरी वापरायचा नाही. याच्यात वाद नाही. ते अंडं आपलंच लेकरू खाणार आहे.

बादलीच्या तळाजवळ कडेनं पाच-सहा भोकं पाडा, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी. तापवलेल्या सळईनं पाडणार असाल तर उघड्यावर पाडा, धूर छातीत घेऊ नका. बादलीच्या तळापेक्षा चहूबाजूंनी सात-आठ सेंटीमीटर मोठी, खोलगट ताटली घ्या. मोठ्या कुंडीखाली ठेवतात ती चांगली बसते. मधोमध नट-बोल्ट आणि वायसर लावून घट्ट करा. झाकण लावा आणि कडीला टांगा. दाणा भरून बघा, नीट उतरतो. भरडा भरणार असाल तर भोकं थोडी मोठी करा आणि दिवसातून दोनदा बादली हलवा. पाऊस लागून राहिला की त्यात एका दिवसाचंच खाद्य घाला.

पायदानाचा फीडरही मिळतो. कोंबडीनं पाय दिला की झाकण उघडतं, उतरली की बंद होतं. चिमणी आणि उंदीर दोघांनाही तो चालवता येत नाही, म्हणजे आपल्या कामाचा आहे. पण महाग असतो, आपल्याकडे सहज मिळत नाही, कोंबड्यांना शिकायला वेळ लागतो आणि पिल्लांसाठी अजिबात नाही. उंदरांचा फार त्रास असेल आणि कोंबड्या मोठ्या असतील तरच त्याच्या मागं लागा.

पिल्लांचं थोडक्यात सांगतो. पहिले दोन-तीन दिवस भुश्श्यावर कागद अंथरून किंवा अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये खाद्य द्या, त्यांना आधी ते दिसलं पाहिजे. मग पिल्लांचा लहान फीडर. ट्रे घाण झाला की फेकून द्या, धुऊन वापरू नका.

*टांगायचं कुठं*

छपराखाली, पावसाची झड येत नाही त्या बाजूला, आणि पाण्याच्या भांड्यापासून थोडं दूर. कोंबडी ओल्या चोचीनं खाद्यात येते तेव्हा गोळे होतात. ओल्या खाद्याला बुरशी लागते, आणि मका, शेंगदाणा पेंडीवरची बुरशी म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्यानं यकृत खराब होतं, अंडी घटतात, पिल्लं मरतात. डोळ्याला बुरशी दिसली नाही तरी कुबट वास आला, गोळा लागला, की ते खाद्य टाकून द्या. टाकायचं म्हणजे पुरायचं, उकिरड्यावर नाही. तिथं कोंबड्या परत खातात.

मे महिन्यात दुपारी कोंबड्या चोच उघडून धापा टाकत बसतात, तेव्हा त्या खात नाहीत. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, भर दुपारी फीडर भरून ठेवण्यात अर्थ नाही.

रात्री फीडर उतरवा, झाकणाच्या पिंपात ठेवा आणि खालची जागा झाडा. अंधारात कोंबडी खात नाही. रात्री जे कमी होतं ते उंदरानं खाल्लेलं असतं. खाद्याचं पोतंही भिंतीला टेकून जमिनीवर ठेवू नका, फळी घाला.

कोंबड्या किंवा आसपासचे कावळे एकाएकी मरायला लागले, तर हात लावू नका, कापून खाऊ नका आणि उकिरड्यावर फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा.

आता एक काम. नवीन फीडर घ्यायच्या आधी आहे त्या भांड्याखाली दोन विटांवर एक जाळी ठेवा, खाली खताचं रिकामं, धुतलेलं पोतं अंथरा. जाळीमुळं सांडलेलं खाली पडतं आणि कोंबडीला परत वेचता येत नाही. सकाळी खाद्य घातल्यापासून संध्याकाळपर्यंत तसंच राहू द्या. मग पिसं आणि विष्ठा बाजूला काढून जे खाद्य उरलं ते किराणा दुकानाच्या काट्यावर मोजा. गटावर फक्त दोन आकडे टाका, कोंबड्या किती आणि सांडलं किती ग्रॅम. सोबत भांड्याचा फोटो. कोणतं भांडं किती सांडतं ते आपल्याच गावांतून कळेल, आणि ज्यांना फीडर एकत्र मागवायचे आहेत त्यांची यादी आपण त्यावरून करू.